न्यूयॉर्क सबवेतली बंद पडलेली आणि अर्धवट राहिलेली स्टेशनं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भारतातून घरी पाहुणे आले की लिबर्टीचा पुतळा आणि टाइम्स स्क्वेअर आटपून तिसऱ्या दिवशी मी त्यांना सबवेच्या, म्हणजे इथल्या जमिनीखालच्या रेल्वेच्या, ६ नंबरच्या गाडीत बसवतो आणि सांगतो, शेवटचं स्टेशन आलं तरी उठायचं नाही. पुढे जे दिसतं त्यानंतर प्रश्नांची जी सरबत्ती सुरू होते ती घरी जेवणाच्या टेबलापर्यंत चालते, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

बंद स्टेशन आणि अर्धवट स्टेशन म्हणजे एकच ना?

नाही, दोन्ही वेगळी. बंद स्टेशन म्हणजे जिथे एकेकाळी लोक रोज चढत उतरत होते, तिकीट खिडकी होती, गर्दी होती, आणि मग एके दिवशी गाडी थांबायची बंद झाली. अर्धवट म्हणजे जिथे आजपर्यंत एकही प्रवासी चढलेला नाही, खोदकाम झालं, खांब उभे राहिले, स्लॅब पडला आणि काम तिथेच थांबलं. इथले लोक त्याला शेल म्हणतात, आपण सांगाडा म्हणू. आणि तिसराही एक प्रकार आहे जो लोकांच्या लक्षातच येत नाही, म्हणजे चालू स्टेशनातले मेलेले प्लॅटफॉर्म. तुम्ही गाडीची वाट बघत उभे असता आणि समोरच्या अंधारात अख्खा एक प्लॅटफॉर्म असतो जिथे पन्नास वर्षांत कोणी पाय ठेवलेला नाही.

चांगली चालू स्टेशनं बंद का केली? प्रवासी नव्हते का?

काही ठिकाणी कमी होते, पण मुख्य कारण ते नाही. मुख्य कारण म्हणजे गाड्या लांब झाल्या. मुंबईत राहिलेल्या माणसाला हे पटकन कळतं, ९ डब्यांच्या लोकल १२ डब्यांच्या झाल्या, मग १५ डबे आले आणि प्रत्येक वेळी प्लॅटफॉर्म वाढवत न्यावे लागले, तसंच हे. न्यूयॉर्कची पहिली सबवे २७ ऑक्टोबर १९०४ ला सुरू झाली तेव्हा स्लो गाडीच्या स्टेशनांचे प्लॅटफॉर्म साधारण २०० फुटांचे होते, पाच डबे मावतील एवढे. पुढे दहा डब्यांची गाडी आणायची तर ५०० फुटांच्या वर प्लॅटफॉर्म पाहिजे, आणि जमिनीखाली प्लॅटफॉर्म वाढवणं म्हणजे वरचा रस्ता, पाण्याचे पाइप, गटारं, इमारतींचे पाये हे सगळं सांभाळत भिंत फोडत जाणं.

आता मॅनहॅटनचा हिशोब बघा, एका मैलात साधारण वीस गल्ल्या बसतात. १४व्या रस्त्यावर स्टेशन, १८व्यावर स्टेशन, २३व्यावर स्टेशन, म्हणजे पाऊण किलोमीटरमध्ये तीन. २३व्या रस्त्याचं स्टेशन वाढवलं तर ते २२व्या रस्त्यापर्यंत आलं, तिथे नवा जिनाच केला, मग १८व्याचं स्टेशन कशाला वाढवायचं? ते ८ नोव्हेंबर १९४८ ला बंद केलं. असंच ९१व्या रस्त्याचं स्टेशन २ फेब्रुवारी १९५९ ला गेलं कारण ८६ आणि ९६ दोन्ही वाढली, आणि वर्थ स्ट्रीट १ सप्टेंबर १९६२ ला गेलं कारण ब्रुकलिन ब्रिज स्टेशन वाढत वाढत त्याच्या दारात आलं. थोडक्यात शेजारी मोठे झाले म्हणून मधलं घर बंद झालं.

सिटी हॉल स्टेशनचं एवढं कौतुक का?

कारण ते सबवेचं पहिलं वहिलं, मानाचं स्टेशन. उद्घाटनाची गाडी इथूनच सुटली आणि महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांनी ती स्वतः चालवली, नुसतं हँडल फिरवून मोटरमनला जागा द्यायची असं ठरलं होतं पण त्यांनी हँडल सोडलंच नाही, पार १०३व्या रस्त्यापर्यंत गाडी नेली.

हे स्टेशन बांधलं हाइन्स आणि लाफार्ज या आर्किटेक्ट जोडीने, आणि वरच्या कमानी आहेत राफाएल ग्वास्ताविनो यांच्या पद्धतीच्या. हे मूळचे स्पेनच्या व्हॅलेन्सियाचे. पातळ पातळ टाइल्स सिमेंटमध्ये एकावर एक थर देऊन बसवायच्या आणि त्यांचीच कमान करायची, आत लोखंडी तुळई नाही. ग्रँड सेंट्रलच्या तळघरात ऑयस्टर बारच्या बाहेर ज्या कमानीखाली एका कोपऱ्यात कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं, आपल्या गोलघुमटासारखं, ती पण ग्वास्ताविनोंच्याच कंपनीची. सिटी हॉलमध्ये या कमानी एकामागे एक वळत जातात, कडेला हिरव्या आणि मध्ये फिकट टाइल्स, पितळी झुंबरं, आणि छताला काचेचे झरोके ज्यातून वरच्या बागेतला उजेड खाली यायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआउटसाठी त्या काचांवर डांबर फासलं होतं.

आणि हे सगळं असूनही दिवसाला जेमतेम ६०० लोक ते वापरायचे. शेजारीच ब्रुकलिन ब्रिज स्टेशन, तिथे स्लो आणि फास्ट दोन्ही गाड्या मिळतात, मग इथे कोण येणार. त्यात हे स्टेशन एका घट्ट वळणावर आहे. प्लॅटफॉर्म वाकडा आणि डबा सरळ, त्यामुळे डब्याच्या मधोमध प्लॅटफॉर्मपासून मोठी फट राहते, आणि नव्या डब्यांना नेमकं मध्येच दार आलं. प्लॅटफॉर्म लांबवणंही त्या वळणावर अवघड. शेवटी ३१ डिसेंबर १९४५ ला बंद झालं. म्हणजे शहरातलं सगळ्यात सुंदर स्टेशन एक्केचाळीस वर्षं चाललं, आणि बंद राहून त्याच्या दुपटीच्या जवळ वर्षं होत आली. मला याचं खरंच वाईट वाटतं पण कारण विचाराल तर निर्णय चुकीचा नव्हता.

मग ते बघायचं कसं?

६ नंबरची डाउनटाउनकडे, म्हणजे दक्षिणेला, जाणारी गाडी पकडा आणि उजव्या बाजूच्या खिडकीशी बसा. शेवटचं स्टेशन ब्रुकलिन ब्रिज, तिथे अनाउन्समेंट होईल की डाउनटाउनकडचा हा शेवटचा थांबा, बरेच लोक उतरतील. तुम्ही बसून राहा. गाडीला परत फिरायला जागा लागते आणि ती जागा म्हणजेच सिटी हॉलचा लूप. त्यामुळे बंद स्टेशनातून आजही दर काही मिनिटांनी गाडी जाते, फक्त थांबत नाही.

गाडी वळणावर शिरली की चाकं रुळाला घासून जी किंचाळतात ती कान बंद करायला लावतात. अशा वेळी डब्यातल्या दिव्यांमुळे काचेत आपलंच तोंड दिसतं, म्हणून दोन्ही तळहात डोळ्यांच्या कडेला ओंजळीसारखे धरायचे आणि कपाळ काचेला टेकवायचं. आधी नुसता अंधार, मग पिवळट उजेडात प्लॅटफॉर्मची कड, मग वर जाणारा जिना आणि त्याच्यावर निळ्या टाइल्समध्ये स्टेशनचं नाव, मग कमानी एकामागून एक. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. माझी मावशी पहिल्यांदा आली तेव्हा तिने काचेवरून हात काढलेच नाहीत, गाडी परतीच्या प्लॅटफॉर्मला लागली तरी तशीच बसून होती आणि म्हणाली अरे परत एकदा जाऊया ना. परत गेलो. स्टेशनाबाहेर पडला नाहीत तर वेगळं तिकीट लागत नाही.

एक सांगतो, कधी कधी कर्मचारी गाडी पूर्ण रिकामी करायला सांगतात, तेव्हा वाद न घालता उतरायचं आणि पुढच्या गाडीत बसायचं.

उतरून, प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघता येतं का?

येतं, पण एकाच मार्गाने. न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम आपल्या सभासदांसाठी गाइडेड टूर काढतं. सभासद व्हायला लागतं, तिकीट वेगळं, आणि जागा भराभर संपतात, त्यामुळे भारतातून आठवड्याभरासाठी येणार असाल तर आधीपासून म्युझियमच्या वेबसाइटवर नजर ठेवा. पैसे जास्त वाटतील पण ग्वास्ताविनोच्या कमानीखाली मान वर करून उभं राहणं आणि खिडकीतून बघणं यात फरक आहेच.

बाकीची बंद स्टेशनं गाडीतून कुठे दिसतील?

१८वा रस्ता ६ नंबरवर, १४ युनियन स्क्वेअर आणि २३ यांच्या मध्ये. वर्थ स्ट्रीट पण ६ नंबरवरच, कॅनाल आणि ब्रुकलिन ब्रिजच्या मध्ये. ९१वा रस्ता १ नंबरवर, ८६ आणि ९६च्या मध्ये. तिन्ही ठिकाणी स्लो गाडीतच बसा, कारण तिचा रूळ प्लॅटफॉर्मला लागून असतो, फास्ट गाडी मधल्या रुळावरून सुसाट जाते. तोच काचेला कपाळ टेकवायचा प्रकार. सिटी हॉलसारखं सौंदर्य इथे नाही, धुळीने काळे पडलेले खांब, सगळीकडे ग्राफिटी आणि मध्येच कुठेतरी १९०४ च्या टाइल्सचा एक पट्टा. पण मला १८वा रस्ता फार आवडतो. एखाद्या जुन्या वाड्याच्या बंद खोलीचं दार वाऱ्याने क्षणभर उघडावं तसं ते दिसतं.

चालत्या गाडीतून बोगद्यात सिनेमा दिसतो असं ऐकलं, खरं का?

अगदी खरं. ब्रुकलिनमध्ये मर्टल अव्हेन्यू नावाचं स्टेशन होतं, १६ जुलै १९५६ ला बंद झालं. १९८० मध्ये बिल ब्रँड या कलाकाराने त्या बंद प्लॅटफॉर्मवर एक लांबलचक खोका बांधला, साधारण ३०० फूट, आत हाताने रंगवलेली २२८ चित्रं आणि पुढच्या बाजूला बारीक उभ्या फटी. नाव मासट्रान्झिस्कोप. जत्रेत बायोस्कोपवाला असायचा तिथे आपण एका जागी आणि चित्रं फिरायची, इथे उलटं आहे, चित्रं जागच्या जागी आणि प्रेक्षक गाडीत बसून पळतोय. गाडीचा वेग नीट असला की फटींमधून चित्रं एकमेकांत मिसळतात आणि रंगीत आकार फुगतात, विरघळतात, नाचायला लागतात. मध्येच गाडीने ब्रेक मारला तर सिनेमा पण हळू होतो, आणि लहान मुलांना हे सगळ्यात जास्त आवडतं.

मध्यंतरी ग्राफिटी आणि धुळीखाली ते पार दिसेनासं झालं होतं, २००८ मध्ये साफ करून परत लावलं. बघायला बी किंवा क्यू गाडी घ्या, मॅनहॅटनकडे जाणारी, डीकाल्ब अव्हेन्यू सोडलं की उजवीकडे बघा, मॅनहॅटन ब्रिजवर गाडी चढायच्या आधी. आजूबाजूचे लोक रोजचे असतात, फोनमध्ये डोकं घालून बसलेले, त्यांच्यातल्या निम्म्यांना माहीत नसतं खिडकीबाहेर काय चाललंय.

अर्धवट स्टेशनं का राहिली? बांधायला घेतली आणि सोडून का दिली?

यासाठी थोडा इतिहास लागेल. सुरुवातीला सबवे एकाची नव्हती, आयआरटी आणि बीएमटी या दोन खाजगी कंपन्या आणि त्यांच्याशी स्पर्धा करायला शहराने स्वतः काढलेली आयएनडी, जी सप्टेंबर १९३२ मध्ये सुरू झाली. १९४० मध्ये तिन्ही एकत्र शहराकडे आल्या. आयएनडीचं काम चालू असतानाच शहराने सप्टेंबर १९२९ मध्ये दुसऱ्या टप्प्याचा प्लॅन जाहीर केला, १०० मैलांपेक्षा जास्त लांबीच्या नव्या लाइन, सेकंड अव्हेन्यूपासून ब्रुकलिन क्वीन्सच्या टोकापर्यंत. आता तारीख परत वाचा. सप्टेंबर १९२९. पुढच्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला.

पण इंजिनियर लोकांनी एक शहाणपण आधीच केलेलं होतं. पहिल्या टप्प्याचं स्टेशन खोदताना, पुढे जिथे नवी लाइन येऊन मिळणार तिथे त्या लाइनच्या स्टेशनाची पोकळी त्याच वेळी खोदून ठेवायची, म्हणजे नंतर चालू स्टेशन बंद करून खालीवर खोदायला नको. हे घर बांधताना वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया वर काढून ठेवतात ना, तसं. पैसे आले की मजला चढवायचा. इथे पैसे आलेच नाहीत, आधी मंदी, मग युद्ध, मग सगळ्यांकडे मोटारी आल्या. सळया मात्र तशाच आहेत.

अशी सगळ्यात मोठी पोकळी कुठली?

माझ्या मते साउथ फोर्थ स्ट्रीट, ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात. तिथे 'जी' (G) नावाच्या गाडीचं ब्रॉडवे स्टेशन आहे, त्याच्या डोक्यावर सहा रुळांचं अख्खं स्टेशन होणार होतं. काँक्रीटचे खांब, प्लॅटफॉर्मची रचना, सगळं आहे, रूळ नाहीत, जिने नाहीत, दिवे नाहीत. खालून रोज हजारो लोक जातात, वर काय आहे याचा काहीच मागमूस नाही.

याच प्रकारच्या एका पोकळीत, नेमकी कुठली ते आयोजकांनी कधी सांगितलं नाही, २००९ आणि २०१० मध्ये जगभरातले १०३ कलाकार गुपचूप जाऊन भिंतींवर चित्रं काढत होते. अंडरबेली प्रोजेक्ट त्याचं नाव. ३१ ऑक्टोबर २०१० ला पेपरात बातमी आली आणि तोपर्यंत आत जायची वाट त्यांनी मोडून टाकलेली होती. ते प्रदर्शन कोणासाठीच नव्हतं. बातमी वाचून शोधायला गेलेल्यांना पोलिसांनी पकडलं. माझं मत विचाराल तर चित्रं काढणाऱ्यांची तळमळ मला समजते, पण त्यामुळे जी पोरं जीव धोक्यात घालून बोगद्यात शिरली त्याचं समर्थन मला करता येत नाही.

जॅक्सन हाइट्सच्या स्टेशनात पण असं काही आहे का?

आहे, आणि हे आपल्या लोकांनी तर नक्की माहीत करून घ्यावं कारण न्यूयॉर्कला आलेला प्रत्येक मराठी माणूस कधी ना कधी ७४व्या रस्त्यावर किराणा, कढीपत्ता, आंबे नाहीतर साड्या घ्यायला जातोच. तिथे खाली रूझवेल्ट अव्हेन्यू स्टेशन, १९३३ मध्ये उघडलेलं, ई, एफ, एम, आर गाड्या, आणि वर रस्त्याच्या पुलावर ७ नंबर. या दोघांच्या मधल्या लेव्हलला एक न वापरलेला प्लॅटफॉर्म आहे. रॉकअवेकडे जाणाऱ्या एका नव्या फाट्यासाठी तो बांधला होता. फाटा आलाच नाही, रूळ टाकलेच नाहीत. तुम्ही खालच्या प्लॅटफॉर्मवरून पिशव्या सांभाळत वर येता तेव्हा भिंतीपलीकडे ते स्टेशन असतं, नव्वद वर्षं पहिल्या गाडीची वाट बघणारं. मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा त्या जिन्याने गेलोय, आणि हे कळल्यापासून तिथे पाय आपोआप हळू पडतो.

सेकंड अव्हेन्यू सबवे एवढी वर्षं का रखडली?

ही इथल्या लोकांची दुखरी नस आहे. पहिली कल्पना १९२० च्या आसपासची, मग १९२९ च्या प्लॅनमध्ये आली, मंदीत गेली. पूर्वेकडे रस्त्यावरच्या पुलावरून जुन्या गाड्या धावायच्या, त्या सबवे येणार या भरवशावर पाडल्या, थर्ड अव्हेन्यूची शेवटची मॅनहॅटनमधली गाडी १९५५ मध्ये बंद झाली. गाडी गेली आणि सबवे आली नाही, सगळा भार लेक्सिंग्टन लाइनवर पडला, आजही सकाळी ४, ५, ६ मध्ये उभं राहून बघा, दादर आठवेल. १९७२ मध्ये खरंच कुदळ पडली, ९९ ते १०५ रस्ता, ११० ते १२० रस्ता आणि खाली चायनाटाउनमध्ये असे तुकडे खोदले गेले. १९७५ मध्ये शहराचंच दिवाळं निघायची वेळ आली आणि काम बंद. वर परत डांबर टाकलं, खाली पोकळ्या राहिल्या.

२००७ मध्ये परत सुरुवात झाली आणि १ जानेवारी २०१७ ला ७२, ८६ आणि ९६ ही तीन नवी स्टेशनं उघडली. खर्च साधारण ४४५ कोटी डॉलर. आता पुढचा टप्पा १२५व्या रस्त्यापर्यंत, अंदाज साधारण ७७० कोटी डॉलरचा, आणि त्यात १९७० च्या दशकात खोदलेला ११० ते १२० चा तुकडा वापरायचं ठरलंय.

म्हणजे अर्धवट खोदून ठेवलेलं पाण्यात गेलं असं नाही?

नाही, आणि या सगळ्यातली हीच गोष्ट मला लोकांना पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. ६३व्या रस्त्याची लाइन बघा. १९६९ मध्ये काम सुरू झालं, पैसे संपत गेले, आणि १९८९ मध्ये उघडली तेव्हा क्वीन्समध्ये नदीपलीकडे एका स्टेशनावर जाऊन संपत होती. पेपरवाल्यांनी तिला कुठेही न जाणारा बोगदा म्हणून झोडपलं. लेक्सिंग्टन ६३ स्टेशनात प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. लोक त्या भिंतीला टेकून उभे राहायचे आणि भिंतीमागे तयार प्लॅटफॉर्म आणि रूळ होते, सेकंड अव्हेन्यूसाठी राखून ठेवलेले.

२००१ मध्ये ती लाइन क्वीन्सच्या मुख्य लाइनला जोडली गेली. २०१७ मध्ये भिंत नव्हती आणि तिथे क्यू गाडी उभी होती. आणि त्याच बोगद्याच्या खालच्या मजल्यात लाँग आयलंड रेल्वेसाठी दोन रूळ सोडलेले होते, त्यावरून जानेवारी २०२३ मध्ये ग्रँड सेंट्रल मॅडिसनला गाड्या यायला लागल्या. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी दोन मजली बोगदा बांधायचा हट्ट धरला, शिव्या खाल्ल्या, आणि आज लोक त्यातून ऑफिसला जातात. ज्या कामगारांनी तो खोदला, इथे त्यांना सँडहॉग म्हणतात, त्यातले कितीतरी हे बघायला राहिले नसतील.

याच्या उलटचं उदाहरण पण आहे. ७ नंबरची लाइन २०१५ मध्ये हडसन यार्ड्सपर्यंत वाढवली, त्यात ४१वा रस्ता आणि टेन्थ अव्हेन्यूवर एक स्टेशन होणार होतं, खर्च वाढला म्हणून गाळलं. गाडी आज तिथून न थांबता जाते आणि वरती एवढी वस्ती वाढली आहे की नंतर तिथे स्टेशन करायचं म्हणजे कितीतरी पट खर्च. तेव्हा निदान पोकळी तरी पूर्ण काढून ठेवायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

एकदा बंद केलेलं स्टेशन परत सुरू झालंय का?

साउथ फेरीची गोष्ट ऐका. मॅनहॅटनच्या अगदी दक्षिण टोकाला १ नंबरचं शेवटचं स्टेशन, जुनं, वळणावरचं, प्लॅटफॉर्म फक्त पाच डब्यांचा, त्यामुळे दहा डब्यांच्या गाडीत मागच्या पाच डब्यातल्यांना चालत पुढे यावं लागायचं. मार्च २००९ मध्ये त्याच्या जागी झकपक नवं स्टेशन आलं, ५० कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्चाचं, आणि जुनं बंद झालं. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं, समुद्र आत शिरला आणि नवं स्टेशन पार छतापर्यंत बुडालं. मग काय, एप्रिल २०१३ मध्ये जुन्या स्टेशनाचं कुलूप काढलं आणि परत सुरू केलं. जून २०१७ पर्यंत, नवं दुरुस्त होईपर्यंत, चार वर्षांहून जास्त त्या टाकून दिलेल्या म्हाताऱ्या स्टेशनाने सगळी गर्दी सांभाळली. पाडून टाकलं असतं तर?

१८७० मध्ये हवेवर चालणारी सबवे होती हे खरं का?

होती. आल्फ्रेड ईली बीच नावाच्या माणसाने ब्रॉडवेखाली सिटी हॉलजवळ साधारण ३०० फुटांचा गोल बोगदा खोदला, परवानगी घेतली होती टपालाच्या नळीची. त्यात एक डबा आणि एक अगडबंब पंखा, पंख्याच्या हवेने डबा ढकलायचा. लोक तिकीट काढून मजा म्हणून बसायचे. १८७३ मध्ये बंद पडलं. १९१२ मध्ये तिथेच नव्या सबवेचं खोदकाम चालू असताना मजुरांनी भिंत फोडली तर आत तो बोगदा निघाला. आज त्या जागी आर आणि डब्ल्यू गाड्यांचं सिटी हॉल स्टेशन आहे.

७६व्या रस्त्याचं गुप्त स्टेशन?

ही दंतकथा. ए गाडीच्या युक्लिड अव्हेन्यूच्या पुढे क्वीन्सच्या हद्दीत भिंतीमागे एक पूर्ण बांधलेलं स्टेशन गाडलंय असं सांगतात. रूळ पुढे जातात आणि भिंतीला थांबतात एवढं खरं, पण भिंतीमागे स्टेशन असल्याचा पुरावा कोणीही दाखवलेला नाही. गोष्ट म्हणून छान आहे, खरी म्हणून कोणाला सांगू नका.

बोगद्यात माणसं राहतात का?

राहिली आहेत, विशेषतः १९८० च्या दशकात घरं परवडेनाशी झाली तेव्हा. रिव्हरसाइड पार्कखालच्या रेल्वेच्या बोगद्यात, जो सबवेचा नाही, तिथे तर झोपड्यांची वस्ती होती. त्यांना इंग्रजीत चिचुंद्री म्हणावं तशा नावाने ओळखतात, ते मला अजिबात आवडत नाही आणि मी वापरत नाही. बेघर माणसं ती, बस.

मी गपचूप उतरून बघून आलो तर?

नका करू. गाडीला वीज पुरवणाऱ्या तिसऱ्या रुळात ६०० व्होल्टच्या आसपास डीसी करंट असतो, चुकून पाय लागला तर संपलं. बोगद्यात कित्येक ठिकाणी भिंत आणि गाडी यात माणूस मावेल एवढीही जागा नाही, आणि वळणावर मोटरमनला तुम्ही दिसेपर्यंत ब्रेक लागून उपयोग नसतो. पोलीस पकडतात ते वेगळं, व्हिसावर असाल तर त्याचे परिणाम आणखी लांब जातात. दरवर्षी कोणीतरी रील बघून मला विचारतं, प्रत्येकाला हेच सांगतो.

एक दिवस आहे, काय काय बघू?

सकाळी गर्दी ओसरल्यावर, दहानंतर, युनियन स्क्वेअरहून एक स्टेशन उलटं २३व्या रस्त्याला जा आणि तिथून डाउनटाउनची ६ नंबर पकडा. पहिल्याच टप्प्यात १८वा रस्ता दिसेल, मग कॅनालनंतर वर्थ स्ट्रीट, मग बसूनच राहून सिटी हॉलचा लूप, तिन्ही एका गाडीत. ब्रुकलिन ब्रिजला उतरलात की आतूनच चेंबर्स स्ट्रीट स्टेशनाच्या 'जे' आणि 'झी' गाड्यांच्या प्लॅटफॉर्मवर जाता येतं. १९१३ चं हे स्टेशन ब्रुकलिनच्या गाड्यांचं मोठं टर्मिनस म्हणून बांधलं, नंतर गाड्या थेट मिडटाउनकडे जायला लागल्या आणि निम्मं स्टेशन ओस पडलं. समोर बघा, टाइल्स गळून पडलेले उंच खांब आणि रिकामे प्लॅटफॉर्म, कुठल्याही टूरशिवाय, साध्या तिकिटात.

तिथून 'जे' गाडीने एसेक्स स्ट्रीट. प्लॅटफॉर्मच्या पलीकडे अंधारात एक मोठं दालन दिसेल, ते ट्रामचं टर्मिनस, विल्यम्सबर्ग ब्रिजवरून येणाऱ्या ट्राम १९०८ पासून १९४८ पर्यंत इथे वळायच्या. वरून उन्हाचा प्रकाश खाली आणून इथे बाग करायची असा लोलाइन नावाचा प्रकल्प होता, २०१६ मध्ये शहराने तत्त्वतः होकार पण दिला, २०२० मध्ये पैशांअभावी थांबला. मला ती बाग बघायची फार इच्छा होती.

मग ब्रुकलिनला जा, बोरम प्लेस आणि शर्मरहॉर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सबवेचा साधा जिना दिसतो, तोच ट्रान्झिट म्युझियमचा दरवाजा. हे स्वतःच एक बंद स्टेशन, कोर्ट स्ट्रीट, १९३६ मध्ये उघडलं, प्रवासी मिळेनात म्हणून १९४६ मध्ये बंद, आणि ४ जुलै १९७६ पासून म्युझियम. खालच्या प्लॅटफॉर्मला दोन्ही बाजूंना जुने डबे लागलेले असतात, आत वेताच्या विणलेल्या सीट्स, छताला पंखे, जुन्या जाहिराती, हवं तिथे बसा. ते रूळ आजही चालू सबवेला जोडलेले आहेत, म्हणून सणासुदीला यातलीच एखादी गाडी बाहेर काढून खऱ्या प्रवाशांसाठी चालवतात. दोन तास सहज जातात. संध्याकाळी परत मॅनहॅटनकडे जाताना डीकाल्बवरून क्यू घ्या आणि उजवीकडची खिडकी सोडू नका.